घरफोडीत गेलेल्या दागिन्यांची वजावट प्राप्तिकर विवरणपत्रात मागता येते का?

उत्तरा_वेस्टचेस्टर
नमस्कार. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही बाहेरगावी असताना न्यूयॉर्क राज्यातील आमच्या घरी घरफोडी झाली आणि कपाटातील जवळजवळ सगळे सोने गेले. त्यात लग्नात सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या होत्या, आजी गेल्यानंतर माझ्या वाट्याला आलेली मोहनमाळ होती, आणि आम्ही दोघांनी वेळोवेळी पुण्यातील सराफाकडून केलेले तोडे, वाक्या आणि दोन मंगळसूत्रे होती. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे. विमा कंपनीने दागिन्यांच्या चोरीसाठी पॉलिसीत असलेली १,५०० डॉलरची मर्यादा दाखवून तेवढेच पैसे दिले.

आता २०२५ चे विवरणपत्र भरायचे आहे. आमच्या ओळखीतील एक ज्येष्ठ गृहस्थ सांगतात की त्यांच्याकडे चोरी झाली तेव्हा त्यांना करात चांगली सवलत मिळाली होती. कर भरण्याचे सॉफ्टवेअर मात्र हा आकडा घ्यायलाच तयार नाही. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे? भारतात अशा वेळी काय नियम आहे, हेही जाणून घ्यायला आवडेल, कारण भावाच्या दुकानातही मागे चोरी झाली होती.

निळाई
उत्तराताई, वाचून फार वाईट वाटले. भारतीय कुटुंबांच्या घरी सोने असते हे हेरून घरे फोडणाऱ्या टोळ्या अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सापडल्या आहेत. २०१९ मध्ये मिशिगनमधील संघीय न्यायालयाने अशाच एका टोळीच्या सूत्रधाराला ३७ वर्षांची शिक्षा दिली होती. तुम्ही सगळे सुखरूप आहात, हे महत्त्वाचे.

करगणित
मी अमेरिकेत विवरणपत्रे तयार करण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमचे परिचित आणि तुमचे सॉफ्टवेअर, दोघेही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत.

२०१७ पर्यंत घरगुती वस्तूंच्या चोरीचे नुकसान संघीय विवरणपत्रात मागता येत असे. त्यासाठी फॉर्म ४६८४ भरायचा, प्रत्येक घटनेमागे १०० डॉलर वगळायचे, उरलेल्या रकमेतून समायोजित एकूण उत्पन्नाचे, म्हणजे एजीआयचे, १० टक्के वगळायचे आणि जे राहील ते शेड्यूल ए वर, म्हणजे वजावटींच्या तपशीलवार तक्त्यावर, न्यायचे, अशी रीत होती. २०१७ च्या अखेरीस झालेल्या करसुधारणेने २०१८ ते २०२५ या वर्षांसाठी ही वजावट फक्त संघीय पातळीवर जाहीर झालेल्या आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरती ठेवली. वादळानंतर ओस पडलेले घर लुटले गेले, तर विचार होऊ शकतो. सुट्टीत घर फोडले गेले, तर नाही. २०२५ मधील नव्या कायद्याने ही मर्यादा कायमची केली आहे. त्यात २०२६ पासून राज्यांनी जाहीर केलेल्या काही आपत्तींचीही भर पडली आहे, पण साध्या घरफोडीला त्याचा उपयोग नाही.

सदाशिव_पेठी
हा सरळसरळ अन्याय आहे. माणूस कर भरून उरलेल्या पैशातून सोने घेतो, ते चोर नेतो, आणि सरकार म्हणते की आमचा काही संबंध नाही. चोरापासून संरक्षण करणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी निदान तेवढ्या रकमेवर घेतलेला कर तरी परत द्यावा.

माधवी_डेटन
सदाशिव_पेठी, तुमची भावना समजते, पण जुन्या नियमाकडे नीट पाहिले तर तो कोणासाठी होता ते दिसते. वजावटीचा फायदा करदात्याच्या कराच्या दरानुसार मिळतो. वरच्या टप्प्यातील कुटुंबाच्या बुडालेल्या प्रत्येक डॉलरमागे सरकार मोठा वाटा उचलत असे, तर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, घेणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना एक सेंटही मिळत नसे. भाड्याच्या खोलीतून एकुलते एक मंगळसूत्र गेलेल्या बाईसाठी तो नियम कधीच नव्हता. ज्यांना विमा घेणे परवडते त्यांचा विमा सरकारने सर्वांच्या पैशातून का उतरवावा, हा प्रश्नही रास्त आहे.

सदाशिव_पेठी
मग नियम गरिबांपर्यंत पोहोचेल असा करायचा, की सगळ्यांचाच काढून घ्यायचा? तुमच्या युक्तिवादातून पहिला निष्कर्ष निघतो आणि कायद्याने दुसरा काढला आहे.

माधवी_डेटन
हे मात्र मान्य. मी जुन्या नियमातील दोष सांगत होते, नव्याचे समर्थन करत नव्हते.

पिंपळपान_ठाणे
अमेरिकेचे कळले. इथे भारतात नोकरदाराच्या घरी चोरी झाली तर काही मिळते का? आमच्या सोसायटीत नुकतीच एका निवृत्त शिक्षिकेकडे चोरी झाली. आयटीआर भरताना ती रक्कम कोणत्या रकान्यात घालायची, असे त्या विचारत होत्या.

सीए_नीरा
पिंपळपान, असा रकानाच नाही. पगार, घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न या पाच शीर्षांखाली आपले उत्पन्न मोजले जाते, आणि जे नुकसान यांपैकी एकाही शीर्षात बसत नाही ते विवरणपत्राच्या बाहेरच राहते.

भांडवली तोटा म्हणून दाखवावे का, असे पुष्कळ जण विचारतात, कारण दागिने ही कायद्याच्या व्याख्येत भांडवली मालमत्ता आहे. पण भांडवली नफा किंवा तोटा होण्यासाठी मालमत्तेचे 'हस्तांतरण' व्हावे लागते, आणि चोराने वस्तू नेणे हे हस्तांतरण नव्हे. आगीत नष्ट झालेल्या यंत्रांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या निकालात हेच तत्त्व मांडले होते. नंतर संसदेने कलम ४५(१अ) आणून पूर, भूकंप, दंगल, अपघाती आग, शत्रूची कारवाई अशा कारणांनी मालमत्ता नष्ट झाल्यावर मिळणारी विम्याची रक्कम भांडवली नफ्याच्या कक्षेत घेतली, पण त्या यादीत चोरी नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, मात्र घरगुती चोरीसाठी वेगळी वजावट त्यातही नाही.

त्या शिक्षिकांना एवढे जरूर सांगा की करात काही मिळत नसले तरी एफआयआर, पंचनामा आणि दागिन्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. चोर सापडला तर न्यायालयातून मुद्देमाल परत मिळवताना तीच कागदपत्रे लागतात. तपास लागला नाही तर पोलिसांचा 'ए समरी' अहवाल न्यायालयाने स्वीकारल्याची प्रत घ्यावी, कारण गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही असा त्याचा अर्थ असतो आणि विमा कंपन्या तीच प्रत मागतात.

कृष्णाकाठ
सीए_नीरा, दुकानाचे काय? उत्तराताईंच्या भावासारखीच माझीही अडचण आहे. माझे कऱ्हाडजवळ मोबाइल आणि सुट्या भागांचे दुकान आहे. रात्री शटर उचकटून माल नेला आणि गल्ल्यातील रोकडही नेली. माझे हिशेबनीस म्हणतात की काही वेगळे करायला नको, सगळे आपोआप बसते. ते कसे, हे मात्र नीट कळत नाही.

सीए_नीरा
कृष्णाकाठ, दुकानाची गोष्ट घरापेक्षा पूर्ण वेगळी आहे, आणि या सगळ्या चर्चेचे मर्म तिथेच आहे. किती गेले हे कायदा नंतर विचारतो, आधी विचारतो की गेलेली वस्तू तुमच्याकडे कशासाठी होती. ती उत्पन्न मिळवण्याच्या कामात होती आणि त्या कामाच्या ओघातच गेली, तर तो व्यवसायाचा तोटा.

बद्रीदास डागा यांच्या १९५८ च्या प्रकरणात मुखत्यारपत्र हाती असलेल्या कारभाऱ्याने पेढीच्या बँक खात्यातून पैसे काढून स्वतःच्या सट्ट्याची देणी भागवली होती. माणसे नेमून त्यांच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय पेढी चालत नाही, म्हणून असा अपहार हा व्यवसायाला लागून असलेलाच धोका आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने तो तोटा मान्य केला. पुढे नैनिताल बँकेच्या प्रकरणात रामनगर शाखेवर १९५१ मध्ये पडलेल्या दरोड्यातील रोकडही तोटा म्हणून मान्य झाली, कारण रोकड हाच बँकेचा व्यापारी माल आहे.

आता तुमचा माल. वर्षअखेरीस शिल्लक माल मोजताना चोरीला गेलेले मोबाइल त्यात नसतात, त्यामुळे तेवढा नफा कमी होतो आणि तोटा हिशेबात आलेलाच असतो. 'आपोआप बसते' ते असे. पण तसे सोडून देऊ नका. ढोबळ नफ्याचे प्रमाण अचानक घसरलेले दिसले की प्रश्न येतो, म्हणून चोरीच्या मालाची खरेदी किंमत वेगळी काढून 'चोरीमुळे तोटा' या खात्याला नावे टाका. ती शिल्लक मालातूनही वगळली आणि वर खर्चातही धरली, असे दोनदा होऊ देऊ नका. गल्ल्यातील रोकड मात्र आपोआप बसत नाही. तिची स्वतंत्र नोंद हवी, आणि त्या दिवशीची रोकडवही एफआयआरमधील रकमेशी जुळली पाहिजे.

कृष्णाकाठ
मनापासून आभार. मी कलम ४४एडी खाली विवरणपत्र भरतो, तरीही हेच लागू होईल का?

सीए_नीरा
नाही. अनुमानित योजनेत उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरला की सगळे खर्च त्यात मिळाले असे मानले जाते, म्हणून चोरीचा तोटा वेगळा मागता येत नाही. तोटा मोठा असेल तर या वर्षी नियमित हिशेबाने, गरज पडल्यास लेखापरीक्षण करून, विवरणपत्र भरणे फायद्याचे पडते का ते पाहावे लागेल. पण एकदा योजना सोडली की पुढील पाच वर्षे तिच्यात परत येता येत नाही, त्यामुळे हा निर्णय घाईने घेऊ नका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चोरीला गेलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वळती, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार परत करावे लागते. नोटिशीची वाट न पाहता ते स्वतःहून उलटवलेले बरे, कारण मागाहून व्याजासह मागणी येते.

सदाशिव_पेठी
म्हणजे चोर माल नेणार आणि त्या मालावरचा कर दुकानदार पुन्हा भरणार. कायद्यात तसे लिहिले असेल, पण ज्याचे शटर उचकटले आहे त्याला हे न्याय्य आहे असे कोणत्या तोंडाने सांगायचे? कृष्णाकाठ, तुमच्या तालुक्याच्या व्यापारी संघटनेने हा विषय लावून धरावा असे मला अगदी मनापासून वाटते.

रानजाई
मी वेगळ्या प्रकारच्या चोरीबद्दल लिहिते. माझ्या काकांना 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगून, व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवून, घाबरवून पैसे काढले. त्यांनी त्या धाकापोटी मुदत ठेवी मोडल्या आणि म्युच्युअल फंडही विकले. आता विवरणपत्र भरताना कळते आहे की फंड विकल्यामुळे झालेल्या नफ्यावर कर भरायचा आहे. ज्या पैशाला त्यांचा हातही लागला नाही, त्यावर कर!

सीए_नीरा
रानजाई, दुर्दैवाने तसेच आहे. फंडाची विक्री काकांच्या नावावर, त्यांच्या आदेशाने झाली आणि पैसे आधी त्यांच्याच खात्यात आले. पुढे ते कोणी लुबाडले याने विक्री रद्द होत नाही. इक्विटी फंड वर्षभराहून अधिक काळ ठेवलेले असतील तर १.२५ लाख रुपयांच्या वरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागेल, आणि ठेवींवर मिळालेले व्याजही उत्पन्नात धरावे लागेल. त्याच वर्षी किंवा मागील आठ वर्षांत त्यांना शेअर वा फंडांत रीतसर तोटा झाला असेल आणि तो वेळेत भरलेल्या विवरणपत्रात दाखवला असेल, तर तो नियमांप्रमाणे या नफ्यातून वजा होऊ शकतो. ते जरूर तपासा.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली असेलच. पैसे पुढील खात्यांत गोठवले गेले असतील, तर ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

करगणित
रानजाई यांच्या काकांसारखीच स्थिती अमेरिकेतही अनेकांची होते. निवृत्तीच्या खात्यातून, म्हणजे आयआरएमधून, काढलेली रक्कम भामट्याकडे गेली तरी ती काढल्याबद्दलचा कर लागतोच.

मात्र फसवणुकीच्या बाबतीत इथे एक दार उघडे आहे. घरगुती चोरीची वजावट बंद झाली, पण नफ्याच्या उद्देशाने केलेल्या व्यवहारातील नुकसान कलम १६५(सी)(२) खाली अजूनही मागता येते, आणि त्याला १०० डॉलर किंवा १० टक्क्यांची कात्रीही लागत नाही. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संघीय करखात्याच्या, मुख्य विधी सल्लागाराच्या कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात पाच उदाहरणे घेतली आहेत. खोट्या गुंतवणूक संकेतस्थळावर पैसे घालणारा, 'तुमचे खाते धोक्यात आहे, पैसे नव्या सुरक्षित खात्यात हलवा' या थापेला बळी पडलेला, आणि बनावट ईमेलमुळे ज्याच्या गुंतवणूक खात्यातून परस्पर पैसे गेले तो, या तिघांना वजावट मिळते. प्रेमाचे नाटक करून ज्याच्याकडून पैसे उकळले तो, आणि नातवाचे अपहरण झाल्याचे सांगून ज्याला लुबाडले तो, या दोघांना मिळत नाही.

रानजाई
म्हणजे नातवाच्या जिवाच्या भीतीने पैसे देणाऱ्या आजोबांना काही नाही, आणि भरघोस परताव्याच्या आशेने पैसे घालणाऱ्याला सवलत?

करगणित
कायद्याचा प्रश्न तोच आहे जो सीए_नीरा यांनी वर मांडला: पैसा कशासाठी हलवला? गुंतवणूक वाढवण्यासाठी किंवा वाचवण्यासाठी हलवला असेल, तर नफ्याचा उद्देश आला. आजोबांचा उद्देश प्रेमाचा होता, आणि त्याला करकायद्यात जागा नाही. मला स्वतःला ही रेषा क्रूर वाटते, आणि ती बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे. पण आज विवरणपत्र भरायचे आहे ते याच रेषेला धरून. हे टिपण इतर प्रकरणांत आधार म्हणून उद्धृत करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अशी वजावट चोरी उघडकीस आलेल्या वर्षी मागायची असते, आणि पैसे परत मिळण्याची रास्त शक्यता असेपर्यंत ती थांबवून ठेवावी लागते. बर्नार्ड मेडॉफचा घोटाळा डिसेंबर २००८ मध्ये उघड झाल्यावर आयआरएसने अशा पाँझी योजनांसाठी, म्हणजे नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या फसव्या योजनांसाठी, एक सोपी वाट आखून दिली. तिसऱ्या पक्षाकडून वसुलीचा प्रयत्न न करणाऱ्यांना ९५ टक्के आणि करणाऱ्यांना ७५ टक्के रक्कम धरून, मिळालेली किंवा हक्काची भरपाई वगळून, वजावट घेता येते.

माधवी_डेटन
करगणित, मूळ प्रश्नाकडे परत येऊ. उत्तराताई न्यूयॉर्क राज्यात राहतात. संघीय दार बंद आहे हे खरे, पण राज्याच्या विवरणपत्राचे काय? न्यूयॉर्कने २०१८ चे बदल जसेच्या तसे स्वीकारले नव्हते, असे मला आठवते.

करगणित
अगदी बरोबर, आणि हे आधीच लिहायला हवे होते इतके ते महत्त्वाचे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आयटी-१९६ या फॉर्मवर चोरीच्या नुकसानीची ओळ अजूनही आहे, आणि तिचा हिशेब २०१७ मधील संघीय नियमांनी करायचा असतो. संघीय विवरणपत्रात स्टँडर्ड डिडक्शन घेतले तरी राज्याच्या विवरणपत्रात आयटेमाइज करता येते, म्हणजे एकेक वजावट वेगळी मागता येते.

उत्तराताई, तुमच्या दागिन्यांची किंमत मात्र आजच्या सोन्याच्या भावाने धरता येणार नाही. मूळ खर्च आणि चोरीच्या वेळचा बाजारभाव यांपैकी जो कमी असेल तो घ्यायचा, आणि सोने इतके चढल्यामुळे बहुधा मूळ खर्चच कमी निघेल. स्वतः केलेल्या तोड्यांसाठी मजुरीसह पावतीवरची रक्कम, खरेदीच्या दिवशीच्या विनिमय दराने डॉलरमध्ये. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या ही भेट, त्यामुळे त्यांनी त्या घेतल्या तेव्हाची किंमत. आजीच्या पश्चात आलेल्या मोहनमाळेसाठी आजी गेल्या त्या दिवशीचा बाजारभाव. तीन प्रकारांचे सोने, तीन वेगळे हिशेब.

समजा असा एकूण आकडा ३८,००० डॉलर आला आणि तुमचा एजीआय १,५०,००० आहे. विम्याचे १,५०० वजा केले की ३६,५००, त्यातून १०० गेले की ३६,४००, आणि एजीआयचे १० टक्के म्हणजे १५,००० गेले की २१,४०० राहतात. राज्यात पतीपत्नींचे संयुक्त स्टँडर्ड डिडक्शन १६,०५० आहे. वेस्टचेस्टरमधील मालमत्ता कर आणि गृहकर्जाचे व्याज यांची भर घातली, तर आयटेमाइज करणे नक्कीच परवडेल.

उत्तरा_वेस्टचेस्टर
करगणित, माधवीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पुण्याच्या सराफांकडे आमच्या खरेदीच्या नोंदी अजून आहेत, त्या मागवते. पाटल्यांची पावती मात्र मिळणे अशक्य आहे. लग्नातील फोटोंमध्ये त्या स्पष्ट दिसतात. त्याचा उपयोग होईल का?

करगणित
फोटोंनी पाटल्या तुमच्याकडे होत्या हे सिद्ध होते, किंमत नाही. सासूबाई हयात असतील तर त्यांच्याकडून खरेदीचे वर्ष आणि अंदाजे वजन लिहून, सही घेऊन ठेवा, आणि त्या वर्षीच्या भावाने हिशेब करा. आकडा लहानच येईल, पण चौकशी झाली तर टिकेल.

शिवनेरी_ब्रूकलिन
हा धागा वाचून मला नवीनच माहिती मिळाली. आमच्याकडे २०२३ च्या उन्हाळ्यात चोरी झाली होती आणि आम्ही राज्यातही काहीच मागितले नव्हते. आता उशीर झाला का?

करगणित
नाही. मूळ विवरणपत्र भरल्यापासून साधारणपणे तीन वर्षांपर्यंत आयटी-२०१-एक्स हे राज्याचे सुधारित विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. २०२३ चे विवरणपत्र एप्रिल २०२४ मध्ये भरले असेल, तर एप्रिल २०२७ पर्यंत वेळ आहे. सोबत आयटी-१९६ आणि २०१७ च्या नियमांनी भरलेला ४६८४ जोडा. पोलिसांचा अहवाल आणि विमा कंपनीचे पत्र हाताशी ठेवा. घराचा विमा होता पण दावा केला नव्हता, असे असेल तर थांबा, कारण जेवढी रक्कम विम्यातून मिळू शकली असती तेवढ्यावर वजावट मिळत नाही.

शिवनेरी_ब्रूकलिन
दावा केला होता आणि त्यांनी तो फेटाळला होता. नकाराचे पत्र आहे.

करगणित
मग ते पत्रही जोडा आणि पाठवून द्या.